कोरडी बाहुली

वडील चळवळीतले. आमच्या घरी पाहुण्याच्या हातात चहाआधी पत्रक पडायचं. शिकागोच्या लॅबमध्ये आल्यावर पहिल्याच आठवड्यात मीही भिंतीवर एक चिकटवलं: 'गरिबांची बाळं ही तुमच्या प्रयोगांची सोय नव्हे. आधी आम्हाला विचारा!'

वीज येते-जाते अशा लहान सरकारी रुग्णालयांसाठी आम्ही नवजात बाळांना ऊब देणारं यंत्र बनवत होतो. बाळाच्या पोटावर एक चकती चिकटवायची. ती अंगाचं तापमान यंत्राला कळवते आणि यंत्र त्या बेतानं उष्णता सोडतं. आमच्यातली अमेरिकन मुलगी काही सुचवायला लागली की मी तिला मध्येच तोडायचे, "तू आमचे दवाखाने पाहिले नाहीस." ती ऐकून घ्यायची आणि मी सांगेन तसं करायची. पुण्याचा सहकारी म्हणायचा, "यार, भाषण झालं असेल तर टेस्टिंग करू या का?" टेस्टिंग रबरी बाहुलीवर व्हायचं. चकती कधी हलली नाही.

पहिलं यंत्र महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या रुग्णालयात जायचं होतं. खोकं बांधून दाराशी ठेवलं होतं, सोमवारी निघणार होतं. रविवारी मी डेव्हन ॲव्हेन्यूवर, शिकागोतल्या देशी वस्तीत, मैत्रिणीचं बाळ बघायला गेले. तिची आई बाळंतपणासाठी साताऱ्याहून आली होती. पाय लांब करून, त्यांवर बाळाला घेऊन काकू तेल चोळत होत्या.

"नुसती बघतेस काय? घे की. विरघळत नाही तो," काकू म्हणाल्या. "बाळांचं मशीन करतेस ना म्हणे?"

"काकू, निसटेल हो हातातून."

"निसटणारच. तेल लावलंय, गोंद नाही लावला."

मैत्रीण खिदळली. काकूंनी बाळ माझ्या हातात ठेवलंच. मला हसू फुटेना. माझा अंगठा बाळाच्या पोटावर होता, आमची चकती बसते तिथेच, आणि तो घसरत होता.

चकती निसटली की तिला बाळाचं अंग नाही, खोलीतली हवा लागणार. यंत्राला वाटणार, बाळ गार पडलं. मग ते तापत राहणार, कोवळ्या कातडीला चटका बसेपर्यंत. आमच्याकडे वॉर्डातसुद्धा आज्या पदराआड तेलाची बाटली नेतात. हे मला कुणी सांगायला हवं होतं का? मी स्वतः तशीच चोपडली गेलेली पोर. 'तुम्ही पाहिलं नाही' म्हणून दुसऱ्यांवर ओरडताना मी माझं पाहिलेलं विसरून बसले होते.

सोमवारी सकाळी लॅबमध्ये खोबरेल नेलं. बाहुली चोपडली, चकती लावली, बाहुलीला कुशीवर वळवलं. चकती सरकत खाली आली आणि वायरला लोंबकळत राहिली. यंत्र तापायला लागलं.

"अगं, आपण दोघं मराठी होतो ना इथे!" पुण्याचा म्हणाला. "माझी आजी तर मला आठवीपर्यंत दर दिवाळीला चोपडायची."

खोकं उचलून आत आणलं. अमेरिकन मुलीनं एखादा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. तिनं बाहुलीचं पोट पुसलं आणि साधेपणानं विचारलं, "तुमच्याकडे बाळाला अजून काय काय करतात?"

धुरी, काजळ... पुढे मला धड सांगता येईना. तिच्या डोक्यामागे माझं पत्रक दिसत होतं. वर उद्गारचिन्हही होतं.

मी तिथूनच आईला फोन लावला, स्पीकरवर.

"आई, मी जन्मल्यावर माझं काय काय केलंस, सगळं सांग. अगदी पहिल्या दिवसापासून."

ती आवाज खाली आणून म्हणाली, "काय गं? गोड बातमी आहे का?"

"नाही गं. मशीनसाठी विचारतेय."

"मशीनसाठी? ते तर झालं म्हणालीस ना मागे?"

पुण्याचा खाली मान घालून बाहुली पुसत बसला. अमेरिकन मुलीला मराठी येत नव्हतं. ती माझ्याकडे बघत वाट पाहत होती, आई काय म्हणाली ते मी सांगेन म्हणून.