कावळ्याच्या अर्जावरील निशाणी अंगठा

“मॅडम, अर्ज म्हणजे नुसते टायपिंग नव्हे,” मी माझ्या टेबलावरूनच मोठ्याने म्हणालो. समोर वैशालीबाईंच्या लॅपटॉपपुढे बसलेल्या मुख्याध्यापिका मॅडमनी मान वळवली.

सौंसर तहसीलच्या फाटकाबाहेर मी बावीस वर्षांपासून अर्जनवीस आहे. म्हणजे लोकांचे गाऱ्हाणे सरकारला समजेल अशा भाषेत मांडतो. शिक्षण आठवीपर्यंत, परंतु माझ्या मसुद्यात खोट काढणारा बाबू अद्याप जन्मलेला नाही. वैशालीबाई बी.कॉम. आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी समोर टेबल मांडले. तेव्हापासून बोरगावच्या बसमधून उतरणारा माणूस आधी त्यांच्याकडे पाहतो. मला त्याचे काही वाटत नाही, असे मी घरी सांगत असतो.

मॅडमचे काम नवलाचे होते. शाळेच्या गॅदरिंगमध्ये जुन्या गोष्टी आजच्या काळात बसवायच्या होत्या. त्यांत चिऊ-काऊची गोष्ट होती. शेणाचे घर पावसात वाहून गेल्यावर आजचा कावळा चिमणीचे दार वाजवत बसत नाही. सरळ तहसीलमध्ये अर्ज देतो. तो अर्ज स्टेजवर म्हणायचा होता. कावळा होणार होती माझी मुलगी रसिका, सहावीतली. माझी मुलगी, आणि तिच्या तोंडी समोरच्या टेबलाचे शब्द! हे मला सहन होण्यासारखे नव्हते.

“मग तुम्ही बी लिहा न भाऊ,” मॅडम म्हणाल्या. “गुरुवारी तालीम हाय. दोन्ही ऐकू. चांगला असंल तो ठेवू.”

“काका, कॉम्पिटिशन होऊन राहिली बाप्पा!” वैशालीबाई हसल्या. मी हसलो नाही.

आमच्याकडे बोली मराठी, पण राज्य हिंदी भाषेचे, त्यामुळे तहसीलचे अर्ज हिंदीत चालतात. मराठीत हा माझा पहिलाच. तरी शिस्त तीच. प्रार्थी, म्हणजे अर्ज करणारा, कोण, घडले काय, मागणे काय. मी घराची चतुःसीमा लिहिली: पूर्वेस चिमणीचे मेणाचे घर, पश्चिमेस संत्र्याची बाग, उत्तरेस नाला, दक्षिणेस सार्वजनिक रस्ता. चिमणीने बाळाच्या अंघोळीची व काजळाची सबब सांगून दार न उघडल्याचा तपशील क्रमवार दिला. तीन पाने झाली. शेवटी रिवाजाप्रमाणे ‘निशाणी अंगठा’ लिहिले. ज्याला सही येत नाही, त्याच्या ठशाशेजारी आम्ही हे शब्द लिहितो.

वैशालीबाईंच्या टेबलाभोवती मात्र तीन मुली खिदळत होत्या. रसिका त्यांच्यातच.

“हं, कावळोबा, तुम्हाले सही येते का?” वैशालीबाई विचारत होत्या. हा प्रश्न त्या आलेल्या प्रत्येकाला विचारतात. मी तो वेळेचा अपव्यय मानत असे.

घरी रसिकेने माझी पाने उलटली.

“बाबा, चतुःसीमा म्हणजे काय?”

“घराच्या चारही बाजूंना काय आहे, ते.”

“पण घर तर वाहून गेलं न!”

“म्हणूनच लिहायची. पाठ कर.”

“वैशालीताईचा तर मले पाठ बी झाला.”

मला जेवण गेले नाही. दोन दिवस तिला समोर बसवून मी माझी तीन पाने घोकून घेतली.

गुरुवारी रसिकेने एकही शब्द न चुकता अर्ज म्हटला. वैशालीबाई मन लावून ऐकत होत्या, त्याचाही मला राग आला. रसिका शेवटाला आली. “निशाणी अंगठा, प्रार्थी कावळा.”

पुठ्ठ्याच्या घरातून चिमणी झालेल्या मुलीने डोके बाहेर काढले.

“मॅडम, कावळ्याले अंगठा कुठी असते?”

सगळा हॉल हसला. मॅडमनी तोंडाला पदर लावला. रसिकाही हसली, मग माझ्याकडे पाहून एकदम थांबली. तिचे ते थांबणे मला अधिक लागले.

“नमुन्यात असेच असते,” मी म्हणालो. ते कोणी ऐकले नाही.

मग वैशालीबाईंचा अर्ज झाला. एकच पान. शेवटी बाबू स्टॅम्प पॅड पुढे सरकवतो. कावळा म्हणतो, “साहेब, पॅड ठेवून द्या. मी शाळेत जातो.” आणि स्वतःच्याच पंखाचे पीस काढून ऐटीत सही करतो. टाळ्या थांबेनात.

लेखणीवर बावीस वर्षे पोट भरणाऱ्या माणसाला पीस सुचू नये!

तोच अर्ज ठरला. गॅदरिंगला मी मागच्या रांगेत बसलो. रसिकेने पीस काढले तेव्हा टाळी वाजवली, परंतु ती मुलीसाठी.

सोमवारी जामसांवलीच्या एक आजी आल्या. राशनकार्डात नाव चुकले होते. या कामासाठी त्यांची ही माझ्याकडची चौथी खेप. अर्ज झाला. सवयीने माझा हात स्टॅम्प पॅडकडे गेला आणि तिथेच अडला. समोर पाहिले. वैशालीबाई कामात होत्या. मी आवाज खाली आणला.

“आजी, सही येते का?”

“येते न बापू! नातीनं शिकवली. तीन खेपा तूच माहा अंगठा धरून दाबला. इचारलंच कुठी?”

त्यांनी पेन मुठीत धरून सही केली. चार अक्षरांना इतका वेळ लागला, की मागे उभा असलेला माणूस कंटाळून वैशालीबाईंच्या टेबलावर गेला. मी आजींना घाई केली नाही.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच: स्टॅम्प पॅड उघडण्यापूर्वी विचारावे. हे मी कोणाकडून शिकलो, ते अर्जात नमूद करणे आवश्यक नसते.