सिंगल माल्टला मराठी शब्द देणारे दिगंबर सर

दिगंबर सरांना मी प्रथम पाहिले ते आमच्या साखर कारखान्याच्या आसवनीत, म्हणजे मळीपासून स्पिरिट काढतात तिथल्या प्रयोगशाळेत. ते मुख्य केमिस्ट होते आणि मी नुकतीच रुजू झाले होते. माझे गुण त्यांनी विचारले नाहीत. पाण्याचे तीन पेले पुढे ठेवून म्हणाले, "हुंगून सांगा. बोरचं कोणतं, हौदाचं कोणतं, गाळलेलं कोणतं." माझी तिन्ही उत्तरे चुकली. "चुकू द्या," ते म्हणाले. "नाकाला घाई केलेली चालत न्हाई."

सरांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात त्यांच्या कारखान्यातील कामाविषयी अनेक जण लिहितील. मी दुसऱ्या कामाविषयी लिहिणार आहे, कारण जिल्ह्यात त्याची चेष्टाच जास्त झाली. यंत्रे बसवायला आलेल्या एका परदेशी अभियंत्याने जाताना सरांना स्कॉटलंडच्या सिंगल माल्टची बाटली दिली. एकाच आसवनीत, केवळ मोड आणलेल्या जवापासून केलेली ती व्हिस्की सरांनी सहा महिने पुरवली आणि तिच्यावर अकरा पाने लिहिली. पुढे पुण्याच्या एका मासिकात त्यांचे सदर वीस वर्षे चालले. वाचक परदेशातून छोट्या बाटल्या पाठवत. सुटीच्या दिवशी सकाळी, न्याहारीआधी, वडवणीच्या घरी ओसरीवर बसून सर घोटभर व्हिस्की तोंडात घोळवत आणि थुंकून टाकत. मग वही उघडत.

इंग्रजी परीक्षणांतले शब्द त्यांना परके वाटत. मेंढपाळाच्या घरात वाढल्यामुळे धुरावर वाळवलेल्या जवाच्या व्हिस्कीत त्यांना पावसात भिजलेली लोकर आणि तुराट्यांची चूल सापडे. एका जुन्या माल्टविषयी त्यांनी लिहिले होते, 'पिकून फुटलेल्या सीताफळाच्या सालीचा वास, मागाहून गुऱ्हाळाची काहील.' ते वाचून मला पहिल्यांदा कळले की आपल्या मुलखाच्या वासांनाही जगात जागा आहे.

माझ्या साड्यांना स्पिरिटचा वास येतो म्हणून सासूबाईंनी नोकरी सोडायला सांगितली, तेव्हा सर त्यांच्या पत्नीला, आमच्या काकूंना, घेऊन बीडला आमच्या घरी आले. सासूबाईंना म्हणाले, "आई, माझ्याबी सदऱ्याला तोच वास हाय. मी कधी झुललो का, हिला इचारा."

काकू शांतपणे म्हणाल्या, "झुलले न्हाईत. पर घरात भांड्यांपरीस बाटल्या लई झाल्यात."

सासूबाईंना हसू आले. माझी नोकरी टिकली.

तीन वर्षांपूर्वी सरांना ताप आला. आठ दिवसांनी तो उतरला, पण वास गेला तो गेलाच. त्यांनी कुणाला सांगितले नाही. एका सकाळी काकू देवळातून परतल्या तेव्हा घरभर गॅस पसरलेला होता आणि सर स्वयंपाकघराच्या दारात वर्तमानपत्र वाचत बसले होते. काकूंनी मला फोन केला. मी गेले तेव्हा सरांनी खाली बघत सांगितले, "मागची तीन परीक्षणं मी जुन्या वह्या बघून लिहिली. वास कायबी आला न्हाई."

"सर, कुणाच्या लक्षात आलेले नाही," मी म्हणाले.

"माझ्या तर हाय ना."

त्यांनी मासिकाला पत्र पाठवले: ती तीन परीक्षणे खोटी आहेत, वाचकांनी मला क्षमा करावी. पत्र छापून आले आणि सदर बंद झाले. ज्या वाचकांनी वर्षानुवर्षे बाटल्या पाठवल्या, त्यांपैकी काहींनी आधीचे सगळेच खोटे असणार असे लिहिले. सरांनी एकालाही उत्तर दिले नाही. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे वर्षभर रोज सकाळी ते लवंग, लिंबाची साल आणि निलगिरीचे तेल हुंगत राहिले. काही परतले नाही.

गेल्या वर्षी काकू गेल्या. तेराव्यानंतर मी वडवणीला गेले तेव्हा सर काकूंच्या ट्रंकेपुढे बसले होते. मांडीवर एक लुगडे होते.

"हिचा वास मला अंधारातबी कळायचा," ते म्हणाले. "आता नुसतं कापड हाय." मी शेजारी बसून राहिले.

या ग्रंथाची परवानगी मागायला आम्ही गेलो तेव्हा त्यांनी एकच अट घातली. "सगळं लिहा. पर समदं ठीक होईल असं लिहू नका. होणार न्हाई." मी ती अट पाळते आहे. सर जेवतात ते वेळ झाली म्हणून. बाटल्या त्यांनी मला देऊन टाकल्या. मी परीक्षण लिहून वाचून दाखवते तेव्हा ते ऐकतात, एखादा शब्द बदलायला सांगतात आणि मग बाटली आत ठेवायला लावतात.

अशा लेखाच्या शेवटी शतायुषी व्हा असे लिहायचे असते. मागच्या रविवारी मी ते वाक्य त्यांना वाचून दाखवले. "आणखी पंचवीस वरसं?" त्यांनी विचारले. "कशापायी?" तरीही सरांना निरोगी आणि दीर्घ आयुष्य लाभावे अशी प्रार्थना मी करते. ती त्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे, हे मी त्यांच्याकडूनच शिकलेल्या खरेपणाने कबूल करते.