शाफ्टावरची शेंदराची रेघ

मी तेव्हा बारामतीत लेथवर कामाला होतो, आणि डोकं तेव्हाही तापटच. कन्हेरीला चुलत्यांचं, तात्यांचं, गुऱ्हाळ होतं. चरकाचे बैल सुटले, तेलाचं इंजिन आलं, आणि इंजिनापासून चरकापर्यंतचा फिरणारा लांब लोखंडी दांडा, म्हणजे शाफ्ट, मीच बसवला. हंगामाच्या पूजेला दोरी धरून त्यावर तेलात कालवलेल्या शेंदराची रेघ ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

लोकांना ती देवाची वाटली. डोंबलाची देवाची! ती माझी होती. सळई ताणली तर लांबते, बारीक होते, डोळ्याला दिसतं. पिळली तर जाडी तीच, लांबी तीच. आतल्या गाभ्याला फारसं कळतही नाही, सगळा मार वरच्या सालीला. पीळ कायमचा बसला का, हे फक्त रेघ सांगते.

महिन्याभरात रेघ तिरकी झाली. चरकात ऊस अडायचा, इंजिन रेटायचं आणि मधे शाफ्ट पिळवटून निघायचा. मी म्हणालो, "तात्या, चरक बंद ठेवा. शाफ्ट गेलाय."

अमावास्येला परत गेलो तर चरक चालूच. वाकडी रेघ अपशकुनी म्हणून तात्यांनी ती रॉकेलनं पुसली होती आणि नवी ओढली होती. "बघ की रं, हाय का न्हाय सरळ?" सगळे हसले. चरकात ऊस घालणारा माझा थोरला भाऊ सगळ्यांत मोठ्यानं हसला. "मिस्त्री, झाला की बरा तुमचा शाफ्ट!"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. इंजिन माझ्यापासून चार पावलांवर होतं, बंद करता आलं असतं. आग लागो त्या रागाला! मी म्हणालो, "मग घाल की दुप्पट ऊस."

त्यानं घातला. शाफ्ट तुटला, टोक उसळलं आणि भावाचा उजवा हात कोपरापासून गेला.

तात्या म्हणाले, नशीब. भाऊही तेच म्हणाला. मला कुणी एक शिवी दिली नाही, आणि तेच मला आजही सोसत नाही.

पुढच्या हंगामात नवा शाफ्ट बसवला. पूजेला भाऊ आपणहून शेंदराची वाटी घेऊन पुढं झाला. डाव्या हातानं ओढलेली रेघ वाकडीतिकडी आली. तो माझ्याकडं बघून हसला, "मिस्त्री, ह्यो तर आजच गेला."

"डाव्या हाताची देवाला चालत न्हाय," तात्या मला म्हणाले. "पूस ती."

भाऊ बघत होता. मी ती पुसली आणि दोरी धरून सरळ ओढली.