आवाजाची दुसरी प्रत

माझे यजमान, श्रीनिवास, स्वभावाने भित्रे आहेत. हे लिहायला मला लाज वाटत नाही आणि वाचायला त्यांनाही वाटणार नाही. घराला कुलूप लावून गल्लीच्या टोकापर्यंत गेलेला हा माणूस परत येऊन कुलूप ओढून बघतो. सरकारी खात्याच्या संगणक विभागात नोकरी केली, तिथेही तेच. प्रत्येक फाइलची प्रत, त्या प्रतीची आणखी एक प्रत, आणि ती दुसऱ्या इमारतीत. ऑफिसात यांना मागून 'झेरॉक्ससाब' म्हणत.

गेल्या वर्षी यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. म्हणजे आवाज कायमचा जाणार. दवाखान्यातल्या एका बाईंनी सुचवलं, आवाज आहे तोवर रोजची वाक्यं रेकॉर्ड करून ठेवा, पुढे ती टॅबवर घालू; बटण दाबलं की तुमच्याच आवाजात बोलेल. मग जामबागच्या आमच्या घरात मागच्या खोलीचं दार लावून हे कॉम्प्युटरसमोर बसायचे. 'पाणी दे.' 'दुखतंय.' 'नक्को.' घरातल्यांची नावं. मध्येच बाहेरचा आवाज आत गेला की वैतागायचे, तो तुकडा 'टाकाऊ' नावाच्या फोल्डरमध्ये ढकलायचे आणि वाक्य पुन्हा म्हणायचे. पुसायचे मात्र नाहीत. पुसायलाही हे भितात. अशात ऑपरेशनची तारीख अचानक अलीकडे आली, आणि आयुष्यात पहिल्यांदा या माणसाने दुसरी प्रत काढली नाही.

ऑपरेशननंतर घर गप्प झालं. लिहायला पाटी आली. हाक मारायची तर हे स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवत. मला त्या शांततेची फार भीती वाटायची. न्हाणीघरात पाय घसरला तर हे ओरडणार कसे, या विचाराने मी कान लावून दाराबाहेर उभी राहायची. ती रेकॉर्डिंगं मात्र आम्ही दोघांनीही कधी लावली नाहीत. तेवढं धैर्य नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर दवाखान्यातून निरोप आला की रेकॉर्डिंगं घेऊन या. यांनी जुना कॉम्प्युटर चालू केला. एक फोल्डर रिकामं दिसत होतं. दुसऱ्यातल्या फाइलींच्या नावांच्या जागी भलतीच चिन्हं. यांनी पाटीवर लिहिलं, 'डिस्क फिरते आहे. आतली मांडणी बिघडली आहे.' म्हणजे सामान घरातच आहे, पण कुठल्या खोलीत काय ठेवलं ते घर विसरत चाललंय. मी यांचा हात धरला तर तो थंडगार होता. ऑपरेशनच्या सकाळीसुद्धा हे एवढे घाबरले नव्हते.

रविवारी सिकंदराबादहून आमची लेक प्राची आली. पोरगी मनाने चांगली, पण भारी उतावळी. हे पाणी प्यायला स्वयंपाकघराकडे गेले आणि ही कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली.

"पप्पा, ये रिपेअर करू का विचारायलंय. क्लिक मारू का?"

हे पेला हातात घेऊन दारात उभे होते. यांचं तोंड उघडलं. मानेवरची शीर तटतटून फुगली, पण ऑपरेशनमध्ये गळ्याला पाडलेल्या भोकातून नुसती हवा आली. प्राचीची आमच्याकडे पाठ आणि हात माऊसवर. मला काय चाललंय तेच कळेना. तेवढ्यात यांनी पेला फेकला. तो भिंतीवर आपटला आणि प्राची दचकून उठली.

मग यांनी पाटीवर लिहिलं, 'रिपेअर डिस्कवर लिहितं. जे जुळणार नाही ते फेकून देतं.' आणि त्याखाली नुसतं, 'माझा आवाज'.

प्राची रडली. त्यानंतर तिने सांगितल्याशिवाय कशाला बोट लावलं नाही.

दोन नव्या डिस्क आणल्या, एक इथल्या कोटी बाजारातून, दुसरी सिकंदराबादहून. एकाच दुकानातल्या, एकाच खेपेच्या असल्या तर दोन्ही बरोबरच जातील ही धास्ती. त्या अशा जोडल्या की एकीवर लिहिलेलं त्याच क्षणी दुसरीवरही लिहिलं जावं.

"मग झालं ना पप्पा, सेफ."

यांनी लिहिलं, 'एकीवरून चुकून पुसलं तर दुसरीवरूनही पुसलं जातं.' म्हणून आणखी एक प्रत प्राचीने तिच्या घरी न्यायची ठरली.

जुनी डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडली. तिच्यावर एक अक्षरही लिहायचं नव्हतं. ती तापू नये म्हणून तिच्या अंगावर टेबलफॅन लावला. पडद्यावर एकेक नाव सरकत होतं. कुठे अडलं की आम्ही तिघं श्वास रोखून बसायचो. मध्येच लाइट गेली, इन्व्हर्टर किंचाळला, पण कॉम्प्युटर चालूच राहिला. शेवटी 'टाकाऊ' राहिलं. यांनी नको म्हणून मान हलवली. जुनी डिस्क जेवढी जास्त चालेल तेवढा धोका जास्त.

"नक्को कसं? तेही घ्या," मी म्हणाले. भीती मलाही होती, पण यांचं काहीही मागे सोडून द्यायला मन तयार होईना. यांनी पंखा डिस्कच्या आणखी जवळ सरकवला आणि तेही घेतलं.

सगळं जुळल्याचं कॉम्प्युटरने सांगितलं, तशी मी चहा ठेवायला उठले. यांनी मला हाताला धरून पुन्हा बसवलं. 'प्रत जुनीशी जुळते एवढंच कळलं. जुनीतच बिघाड असेल तर? ऐकावं लागेल.' आणि हेडफोन माझ्या कानांवर चढवले. स्वतः ऐकायचं धाडस यांना होईना.

'पाणी दे.' 'दुखतंय.' 'नक्को.' 'प्राची.' सगळं धड होतं. हे माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते. मग माझ्या नावाची फाइल लावली. नुसता 'र' आला आणि पुढे खरखर. दुसऱ्या डिस्कवर तेच. जुन्या डिस्कवरही तेच. मी काही बोलायच्या आधीच यांना कळलं. यांनी पाटी खाली ठेवली आणि हाताने गळा झाकून घेतला.

"जाऊ द्या हो. पेला वाजवत जा," मी म्हणाले. मनातून मात्र मी पार खचले होते.

मग मी 'टाकाऊ' उघडलं. कुकरची शिट्टी. खोकला. भाजीवाल्याची आरोळी. आणि एका तुकड्यात मिक्सरची घरघर, तिच्यावर चढवलेला यांचा दणदणीत, चिडका आवाज: "रजनी, बंद कर तो मिक्सर."

मी हेडफोनची वायर उपटली आणि तोच तुकडा पुन्हा लावला. हे ऐकत राहिले. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडले, आवाज न करता, जसं आता त्यांना रडावं लागतं. मी मात्र मोठ्याने रडले.

प्राचीने त्यातलं नाव तेवढं कापून टॅबवर घातलं. आता टॅबमधून 'पाणी दे' शांतपणे येतं, 'दुखतंय'सुद्धा. मला हाक मात्र कायम वैतागूनच येते, मागे मिक्सरची जराशी घरघर घेऊन. मी हातातलं काम टाकते आणि ओ देते.