उलट्या तबकडीतलं नाव

मिरजेतला एक सतार करणारा इंग्रजी रॉक गाण्यांच्या तबकड्या बोटाने उलट्या फिरवून, डोळे मिटून ऐकतो. त्यात छुपे निरोप असतात, अशी त्याची खात्री आहे.

एका गाण्यातली सतार त्याच्या वडिलांनी केलेली आहे आणि ते उलटं लावलं की त्यांचं नाव ऐकू येतं, ही थाप माझी. तो ते नाव प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतो. आता दुकानाच्या पाटीवरही लिहिणार, असं कळलं तेव्हा मी जाऊन खरं सांगून टाकलं.

त्याने उठून दार लोटलं.

"आवं काका, कुणी गप बसवलं तुमाला?"

"कुणी नाही रे. मीच रचलं होतं."

"व्हय, असंच बोलायला लावत्यात. भिऊ नगा."

हल्ली तो माझी कबुलीही पुरावा म्हणून सांगतो.