पोस्टमनमामांचं चौथं प्रकरण

आमचे मामा एकतीस वर्षं पोस्टमन होते. बंदूक सोडाच, त्यांनी कधी बेचकीही हातात धरली नाही. तरी निवृत्त झाल्यावर त्यांनी जमिनीवरच्या लढाया आणि रणनीतीवर बारा प्रकरणांचा ग्रंथ लिहिला. सिद्धांत एकच: आधी पाय, मग तोफा. आणि ओझं घेतलेला माणूस किती चालतो, हे सेनापतीपेक्षा पोस्टमनला जास्त कळतं.

ग्रंथ इतिहास मंडळ छापणार होतं. गाडी अडली चौथ्या प्रकरणावर. चौकात पुतळा असलेल्या सेनापतींनी एका रात्रीत फौज तीस किलोमीटर नेऊन शत्रूला पहाटे गाठलं, असं मंडळाच्या भिंतीवर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं. मामा वीस किलो बटाटे पाठीला बांधून तीच वाट चालले. तेरा तास लागले. म्हणजे फौज दुपारीच निघाली असणार. आणि तो अख्खा दिवस सेनापती, त्यांच्याच पत्रानुसार, दुसऱ्या गावी मेजवानीत होते. हुकूम भलत्याच कुणाचा तरी होता.

मंडळाचे अध्यक्ष निवृत्त कर्नल. त्यांनी मिशीवर हात फिरवला. "तुम्ही उन्हाळ्यात चाललात. लढाई पावसाळ्यातली. तुमचा हिशेब चुकला."

"चुकला खरा," मामा म्हणाले आणि पाऊस लागताच पुन्हा बटाटे भरू लागले.

"वय चौसष्ट," मामी म्हणाली. "निदान येताना बटाटे तरी घरी आणा."

गुडघाभर चिखलातून एकोणीस तास लागले. मामा लंगडत मंडळात गेले. "साहेब, सहा तासांची चूक होती. सुधारलीय. फौज दुपारी नाही, सकाळीच निघाली."

कर्नल म्हणाले, "पोस्टमन, ते एक प्रकरण काढा. बाकीची अकरा उद्या छापायला देतो."

मामांनी फाईल सोडली, अकरा प्रकरणं काढून काखेत मारली आणि चौथं टेबलावर ठेवलं. "हे तेवढं छापा."

"चेष्टा करताय?"

"एकतीस वर्षं लोकांची पत्रं वाटली. एकातलाही मजकूर कमी केला नाही. हा तर माझा आहे."

कर्नलनी कागद परत सरकवले. मामा सगळं बाड घेऊन घरी आले.

"गेला ना ग्रंथ?" मामीने विचारलं. "ती अकरा प्रकरणं तरी द्यायची होती."

"ती कशी देणार? त्यांच्यावर कर्नलची एकही हरकत नाही," मामा पाय गरम पाण्यात सोडत म्हणाले. "म्हणजे ती चौथ्यासारखी पारखलीच गेली नाहीत, कच्ची राहिलीत. पहिलं आण इकडे, नव्याने लिहितो."