रिकाम्या बोटीवर हजेरी

कारखान्यात दोन गोष्टी कुणी न ठेवता साठतात: भंगार आणि किस्से. भंगारवाला अधूनमधून टेम्पो घेऊन येतो आणि आवार मोकळं करून जातो. किस्से न्यायला कुणीच येत नाही.

आमचा कारखाना इंदूरला, सांवेर रोडवर. नमकीनच्या पाकिटांची छपाई होते. मी मूळची साताऱ्याची, इथे एचआरला आहे. चहाच्या वेळी हमखास कुणीतरी म्हणतं, "मॅडम, वो जहाज वाला सुनाओ!" आणि मी सुनावते. तुम्हाला हसू येईल. मला त्या जहाजावर एकदाही आलं नव्हतं, एवढं आधीच सांगून ठेवते.

*

दुसरी लाट ओसरली होती. लोक मास्क हनुवटीवर लटकवून लग्नांना जायला लागले होते. आमच्या सेठजींनी डीलर लोकांसाठी क्रूझ बुक केली: मुंबईहून निघायचं, समुद्रात फिरायचं, परत मुंबई.

तारीख जवळ आली तसं एकेका डीलरच्या घरी कुणी ना कुणी आजारी पडायला लागलं. शेवटी एकही डीलर उरला नाही आणि बुकिंग काही रद्द होईना. सेठजींनी मला बोलावलं.

"अश्विनी मॅडम, स्टाफ को ले जाओ. जोड़े से!"

"आणि सर, तिकडे कुणाला काही झालं तर?"

"तो आप हो ना!"

झालं! त्या रात्रीपासून माझी झोप उडाली. मी ताप बघायची बंदूक घेतली, ऑक्सिमीटर घेतला, मास्कचे खोके घेतले. स्टेशनवर प्रत्येकाच्या कपाळावर बंदूक रोखली. आमचे डिस्पॅचचे पागनीस भिया म्हणाले, "मॅडम, तुम्ही फिरायला चालल्या की छापा मारायला?"

*

हे पागनीस भिया (इंदुरात भैयाचं भिया होतं) मल्हारगंजचे. घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच. बोलताना वाक्य मराठीत सुरू करतात आणि उतरतात हिंदीच्या स्टेशनावर.

मुंबईच्या बंदरात चढण्याआधी सगळ्यांची टेस्ट होती. रांगेत खुणा केलेल्या, माणसं अंतर राखून उभी. पागनीस भियांनी पिशवीतून घरचे पोहे काढले, वर जिरावन भुरभुरलं (जिरावनाशिवाय इंदुरी माणसाच्या घशाखाली पोहे उतरत नाहीत) आणि पहिलाच घास घेतला. मसाला नाकात गेला. एक शिंक, दोन शिंका, मग मोजदाद सुटली.

पुढची रांग पुढे पळाली, मागची मागे. गार्डने वॉकीटॉकी तोंडाला लावला. आता आम्हाला सगळ्यांना कुठल्यातरी हॉलमध्ये कोंडणार आणि सेठजींना फोन मी करायचा!

पागनीस भिया डोळे पुसत पुडी हवेत नाचवत ओरडत होते, "जिरावन है भिया, जिरावन! कोरोना नहीं है!"

नर्सने पुडीकडे संशयाने बघितलं. "हे औषध आहे का?"

"औषधच समजा, ताई. अख्खं इंदौर यावरच जिंदा आहे!"

*

आता मेश्रामजी. हे आमचे टाइमकीपर. आजोबा फौजेत, महूच्या छावणीतले, त्यामुळे शिस्त घरातूनच आलेली. मस्टर त्यांच्या ताब्यात. रोज सकाळी गेटवर कामगारांची हजेरी घेतात. मित्राच्या नावाला आवाज बदलून "हजर" म्हणणारे किती आले आणि किती गेले, पण मेश्रामजींचा कान फसला नाही. त्यांचं एक वाक्य ठरलेलं: "ज्याचा गळा, त्याचीच हजेरी!"

बोटीवर त्यांच्या सोबत त्यांच्या पत्नी, सुनंदाताई, होत्या. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. दोन मास्क, हातमोजे, नजर खाली. चढल्या त्या थेट केबिनमध्ये गेल्या आणि दाराला आतून कडी.

मेश्रामजी मला म्हणाले, "मॅडम, तिला भीड नाही चालत. इथं भीड नाही, म्हणून आणलं."

आता साताऱ्यात भीड म्हणजे संकोच. मला वाटलं, बाई फटकळ आहेत, असं सांगतायत. मी म्हटलं, "असू दे हो, स्पष्ट बोललेलं बरं!"

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग माझी ट्यूब पेटली. भीड म्हणजे गर्दी!

आणि मग त्यांनी सांगितलं. दुसऱ्या लाटेत सुनंदाताई आणि त्यांची धाकटी बहीण, दोघी एकाच हॉस्पिटलात होत्या. एके दिवशी नर्स म्हणाली, "बहिणीला खाली नेलंय." बहीण वर आलीच नाही. सुनंदाताई घरी आल्या, त्या सुदामा नगरच्या घरात एका खोलीत शिरल्या. ताट दाराशी ठेवायचं, रिकामं दाराशी मिळायचं. डॉक्टर झाले, नातेवाईक झाले.

"जहाज रिकामं आहे ऐकलं, तवा वाटलं, इथं तरी बाहेर निघेल. इथंही नाही निघाली तर मी काय करू, सांगा."

माझ्या बंदुकीत त्यासाठी आकडा नव्हता.

*

बोट सुटायच्या आधी घोषणा झाली. सगळ्यांनी मस्टर स्टेशनला जमा.

मस्टर! हा शब्द ऐकला आणि आमचा अख्खा स्टाफ ताडकन उठला. कोणी विचारलंसुद्धा नाही की बोटीवर कसलं मस्टर. नोकरी करणाऱ्याला मस्टर म्हटलं की सही. मेश्रामजी तर खिशाला पेन लावून सगळ्यांच्या पुढे. "लेट मार्क नको," म्हणाले.

तिथे पोचल्यावर कळलं की बोट बुडायला लागली तर कुठे जमायचं, त्याची ही तालीम. नारिंगी लाइफ जॅकेट अंगात अडकवलं आणि मी त्याच्या पट्ट्या तीनदा तपासल्या. कोरोनाची तयारी करून आले होते. बुडण्याचं माझ्या डोक्यातच नव्हतं!

एक अधिकारी नावं पुकारू लागला. सगळे मास्कमध्ये, सगळे जॅकेटमध्ये, कोण कोण आहे काही कळेना.

"मेश्राम बाबूराव?"

"हजर."

"मेश्राम सुनंदा?"

मग मेश्रामजींच्याच बाजूने, मास्कच्या आतून, बारीक आवाज आला, "हजर."

अधिकाऱ्याने खूण केली आणि पुढे गेला. पागनीस भिया डोळे विस्फारून माझ्या कानाशी आले. "मॅडम! मेश्रामजींनी प्रॉक्सी लावली!"

एरवी हा विनोद वर्षभर पुरला असता. पण मेश्रामजी पेन खिशात खोचत होते, काढत होते, पुन्हा खोचत होते. कुणी हसलं नाही.

*

बोट केवढी, आणि माणसं किती थोडी! लांबच लांब कॉरिडॉर आणि त्यात फक्त एसीचा आवाज. लिफ्टचं दार उघडायचं, आत कुणी नसायचं, दार बंद व्हायचं. मला सारखं वाटायचं, बाकीच्या लोकांना काहीतरी कळलंय आणि आम्हालाच कुणी सांगितलं नाही.

जेवणाच्या हॉलमध्ये एकाआड एका खुर्चीवर फुली. आमच्या टेबलाशी वेटरच वेटर. पाण्याचा एक घोट घेतला की ग्लास भरायला तीन हात पुढे. पागनीस भियांनी पोळीचा तुकडा मोडला तरी कुणीतरी विचारायचं, "सब ठीक है सर?"

शेवटी पागनीस भिया काकुळतीला आले. "भिया, इतकी खातिर तर आपल्या शादीत नाही झाली. और वहाँ तो दूल्हा मैं था!"

मेश्रामजी मात्र जेवता जेवता दरवाजाकडे बघत होते. बाजूची खुर्ची त्यांनी ओढून तयार ठेवली होती. वेटरने विचारलं, "सर, ये हटा दूँ?" ते म्हणाले, "राहू द्या."

*

दुसऱ्या दिवशी गाण्याचा कार्यक्रम. बाकीचे डेकवर होते. मी एकटीच हॉलमध्ये शिरले आणि फसले. स्टेजवर पाच जणांचा बँड, समोर मी.

गायिकेने माइकवर विचारलं, "कैसे हैं आप सब?"

आता आम्ही सगळ्यांनी, म्हणजे मी, सांगितलं, "ठीक हैं."

तीन गाण्यांनंतर मला बाथरूमला जायचं होतं. जरा हलले की गायिकेचा सूर हलायचा. शेवटी उठलेच. तशी ती गाणं सोडून धावत पायऱ्यांपर्यंत आली. "मॅडम, प्लीज! कितने महीनों बाद काम मिला है. मॅनेजर झाँक के देखता है. हॉल खाली दिखा तो शो बंद कर देगा."

"अहो, पण मला जायचंच आहे!"

तिने विचार केला. "तो आप जाइए... पर्स रख के जाइए!"

मी परत आले तेव्हा माझ्या पर्ससाठी एक फर्माइशी गाणं चालू होतं.

*

त्याच संध्याकाळी पागनीस भियांनी ठरवलं की सुनंदाताईंचं दार शेवेने उघडेल. इंदूरहून लवंगी शेव आणली होती. आम्ही केबिनबाहेर वाटी ठेवली, दार वाजवलं आणि लांब उभे राहिलो. मेश्रामजी श्वास रोखून.

"वहिनी," पागनीस भिया दाराकडे तोंड करून म्हणाले, "एक शिकायत आहे. तुमच्या मिस्टरांनी काल मस्टरवर तुमची प्रॉक्सी लावली. बारीक आवाज काढून! आता कारखान्यात यांचं कोण ऐकणार, सांगा?"

मग कडी वाजली, दार बोटभर उघडलं, हातमोज्यातल्या हाताने वाटी आत घेतली. दार बंद. थोड्या वेळाने आतून आवाज आला.

"शेव नरम पडलीय."

मेश्रामजींचे डोळे भरले. सुनंदाताई परक्या माणसाशी बोलल्या होत्या! पागनीस भिया एकीकडे आनंदाने माझा हात हलवत होते, दुसरीकडे चेहरा पडलेला. "खुशी की बात है मॅडम, बहुत खुशी की... पण नरम? माझी शेव?"

दार मात्र पुन्हा उघडलं नाही.

*

शेवटची सकाळ. मेश्रामजी डेकवर उन्हात उभे होते. रात्री झोपले नव्हते. मला म्हणाले, "उद्या परत तीच खोली, मॅडम." आणि खोकले.

मी सवयीने बंदूक रोखली. लाल दिवा! पुन्हा बघितलं. पुन्हा लाल!

मी ओरडले नाही, पण तोंडावर काहीतरी दिसलं असावं, कारण बोटीचा एक माणूस लगेच डॉक्टरला बोलवायला गेला. डॉक्टर म्हणाला, टेस्ट करू, अर्ध्या तासात कळेल. आणि मेश्रामजींना लिफ्टने खालच्या मजल्यावर दवाखान्यात घेऊन गेला. जाताना मेश्रामजी म्हणाले, "तिला तुम्ही सांगा."

(रिपोर्ट निगेटिव्ह आला. कपाळ उन्हानं तापलं होतं, एवढंच. पण त्या अर्ध्या तासात हे कुणाला माहीत?)

मी केबिनच्या दारासमोर उभी राहिले. काय बोलायचं ते मला माहीत होतं आणि तेच वाक्य त्या बाईला कुणी कधीच सांगू नये, हेही माहीत होतं. दुसरं कुठलं वाक्य सुचेना.

"सुनंदाताई... मेश्रामजींना खाली नेलंय. दवाखान्यात. फक्त टेस्टसाठी."

मी दाराला कान लावला. काहीच नाही.

आणि तेवढ्यात भोंगा! लांब, कानठळ्या बसवणारा. मी तर भिंतीलाच चिकटले. घोषणा झाली की घाबरू नका, तालीम आहे. महिनोन्‌महिने बोट बंद होती, कर्मचाऱ्यांचा सराव सुटलाय, म्हणून पुन्हा एकदा सगळ्यांनी मस्टर स्टेशनला यावं.

"ताई, तुम्ही राहू द्या हं," असं दाराला सांगून मी पळाले.

पुन्हा जॅकेटं, पुन्हा मास्क, पुन्हा तोच अधिकारी. दवाखान्याचा निरोप त्याच्यापर्यंत पोचलेला नव्हता. पागनीस भिया मला हळूच म्हणाले, "मॅडम, दोघांचं मी बोलून टाकतो. बारीक आवाज पण जमतो मला."

"मेश्राम बाबूराव?"

पागनीस भियांनी श्वास भरून घेतला.

"हजर!"

आवाज जाड, खणखणीत, अगदी गेटवरचा. पण तो पागनीस भियांचा नव्हता. आम्ही सगळे वळलो. मला वाटलं, मेश्रामजी सुटून आले!

जिन्याच्या दारात सुनंदाताई उभ्या होत्या. जॅकेट उलटं घातलेलं, दोन्ही मास्क जागेवर, एका हाताने कठडा घट्ट धरलेला. हातमोजे नव्हते.

अधिकाऱ्याने खूण केली आणि पुढचं नाव वाचलं.

"मेश्राम सुनंदा?"

त्यांनी घसा साफ केला, आणि या वेळी स्वतःच्या आवाजात म्हणाल्या,

"हजर."